मांजरीच्या मानेवरची गाठ

आमची मांजर सुईनं मेली, असं आमच्या गल्लीत सगळे सांगतात. त्यात खोटं काही नाही, पण ते पुरतं खरंही नाही. उरलेलं कितीतरी दिवस फक्त मला ठाऊक होतं. घरात ज्या माणसाला ते सांगायला हवं होतं, त्यालाच मी सांगितलं नव्हतं.

मी परभणी जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरीतली बरीच वर्षं ताडकळसच्या बाजूच्या खेड्यांत गेली. बर्फाच्या पिशव्या घातलेला लसीचा डबा खांद्याला अडकवायचा, कुणाची मोटरसायकल मिळाली तर तिच्यावर, नाहीतर पायी, आणि अंगणवाडीत जाऊन बसायचं. लेकरू जन्मलं की त्याच्या डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे क्षयाची लस द्यायची. महिना-दीड महिन्यानं तिथे फोड येतो, कधी गाठ धरते, खपली पडते नि व्रण राहतो. ते चांगलं लक्षण असतं. पण सासवा तो फोड पाहून हबकायच्या. कुणी हळद लावायचं, कुणी चुना. मी ओरडायची, "गाठीला हात लावायचा न्हाई. शेकायची न्हाई, दाबायची न्हाई. आपोआप जिरते." मांडीवरच्या सुईची गाठ आली तरी हेच. ऊसतोडीहून परतलेल्या बाया लसीचं कार्ड हरवून यायच्या, त्यांना बोलणी बसायची. माझ्या तोंडाला सगळे भ्यायचे आणि मला ते आवडायचं, हेही कबूल करते.

हे एवढं सांगितलं, कारण मांजरीचं सगळं यातूनच झालं.

मांजर आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. ते एसटीत कंडक्टर होते, जिंतूरच्या गाडीवर उभ्यानं आयुष्य काढलं आणि शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, पण चालणं पहिल्यासारखं झालं नाही. दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. बोलायला कोण असणार? मी माझ्या कामात, आणि माझं बोलणं म्हणजे निम्मं रागावणंच. अशात एक तिरंगी पिल्लू कुठूनसं आलं आणि थेट त्यांच्या मांडीवर चढलं. तिला त्यांनी नाव ठेवलं नाही. नुसतं "ये माय" म्हणायचे. ती यायची. तीन वर्षं ती त्यांच्या मांडीवर झोपली आणि त्यांचा उजवा हात तिच्या मानेवर. माझ्याशी न बोललेलं कितीतरी ते तिच्याशी बोलायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि खरं सांगते, मला कधीकधी तिचा हेवा वाटायचा.

मागच्याच्या मागच्या दसऱ्याच्या सुमारास गल्लीत एक कुत्रं पिसाळलं. एका घरची शेळी त्यानं फाडली, ती पुढे तडफडून मेली. नोकरीत असताना मी कुत्रं चावून पिसाळलेला एक माणूस पाहिला होता. पाण्याचा तांब्या पुढे केला की त्याचा गळा आवळायचा, आणि त्याची बायको माझ्याकडे बघत होती, जणू माझ्या डब्यात त्याचं औषध होतं. एकदा पिसाळल्यावर औषध नसतं. शेळीचं ऐकलं त्या दिवशीच मी ठरवलं, मांजरीला लस द्यायची.

"घरातल्या मांजरीला सुई काहून?" मालक म्हणाले. "ती कुटं जायलीय बाहेर?"

"तिला भिंतीवरून उडी मारताना मी रोज बघायलेय. तुमी बसा गप."

ते बसले गप. आरोग्याच्या बाबतीत आमच्या घरात माझाच शब्द शेवटचा.

दुधाच्या क्रेटवर जुनी ओढणी बांधून मी तिला रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, माझ्या लेकाच्या वयाचा. नीट वागणारा, हात हलका. आधी त्यानं तिचा ताप पाहिला, तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं. मला बरं वाटलं, कारण आजारी लेकराला आम्हीही लस देत नव्हतो. मग तो म्हणाला, "मागच्या पायाला देतो, खालच्या बाजूला."

मी म्हटलं, "पायाला नको. लंगडेल. मानेवरची कातडी सैल असते, तिथे द्या."

"मॅडम, मांजरांमध्ये पायाला द्यायचं एक कारण आहे."

"कारण असू द्या हो. मी जन्मभर सुयाच टोचल्यात. घरात एक माणूस आधीच गुडघ्यानं बेजार आहे, त्यात ही लंगडत आली तर ते जेवायचे नाहीत."

तो हसला. मला वाटतं माझ्या वयाला मान देऊन गप्प बसला. मी स्वतः तिची मान धरून कातडी वर उचलली आणि त्यानं तिथे सुई दिली. अर्धा तास बसवून घेतलं. सांगितलं, तोंड सुजलं, उलट्या झाल्या, धाप लागली तर लगेच सांगा. ते मला पाठच होतं, मीही प्रत्येक आईला अर्धा तास बसवत होते. निघताना तो म्हणाला, "टोचलं तिथे लहानशी गाठ येऊ शकते. बहुतेक वेळा जिरते. पण तीन महिन्यांनंतरही राहिली, किंवा महिना उलटल्यावरही वाढत असली, तर न चुकता आणा. तपासावी लागते."

मी मान हलवली. खेड्यातल्या बाया माझ्यासमोर हलवायच्या तशीच, घरी जायची घाई असलेली.

दुसऱ्या दिवशी मांजर सुस्त पडली. दुधाला तोंड लावेना, अंग गरम. मालक घाबरले. तिच्याजवळ खाली बसता येत नव्हतं, तर खुर्ची ओढत ती पडली होती त्या पोत्यापर्यंत गेले. "काय केलंस गं हिला?" मी म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत खाईल, लिहून घ्या." आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खरंच उठली, ताटातला मासा पळवला. मालक माझ्याकडे बघून हसले. "लय हुशार हायस," म्हणाले. मी दोन दिवस त्या कौतुकात होते.

दिवाळीच्या आधी त्यांच्या हाताला गाठ लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी.

"अगं, हिच्या मानेवर काय तरी हाय."

"लस लागली म्हंजे गाठ येतेच. हात लावू नका. जिरते."

पण हात लावू नका म्हणून कसं चालेल? त्यांचा हात तिथेच असायचा. आठ-पंधरा दिवसांनी ते परत म्हणायचे, "वाढायलीय बगं." मी परत म्हणायची, "जिरते." मग मी चिडायला लागले. संक्रांतीला शेजारीण तिळगूळ देऊन गेली. मालकांनी त्यातला एक लाडू उचलला, तिच्या मानेजवळ धरला आणि मला दाखवला. लाडू लहान होता, गाठ त्याहून थोडीच लहान.

"तुमाला दिसभर दुसरा उद्योग न्हाई म्हणून गाठी मोजत बसता," मी म्हटलं. "येडे झालात तुमी. एवढी वर्षं मी हेच करायले, मला कळंना अन् तुमाला कळायलं?"

त्यांनी लाडू ताटलीत ठेवला. त्यानंतर त्यांनी गाठीचं नाव काढलं नाही. मला वाटलं, पटलं त्यांना. डॉक्टरनं सांगितलेले तीन महिने त्याच आठवड्यात उलटत होते. विसरले म्हणावं तर तेही नाही. आठवत होतं, पण तो मुलगा काल शिकून आलाय, आणि मी लसीच्या गाठी हजारोंनी पाहिल्यात, असं माझं मन म्हणत होतं. माणसाच्या लेकरांच्या गाठी पाहिल्या होत्या मी. मांजराची एकही पाहिली नव्हती. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

आणि इथे मला सगळंच सांगितलं पाहिजे. फेब्रुवारीत एकदा मालक आंघोळीला गेले होते. मांजर रिकाम्या खुर्चीत झोपली होती. मी पहिल्यांदा नीट हात लावून पाहिलं. लसीची गाठ कातडीखाली सरकते. ही सरकत नव्हती. खाली कशाला तरी धरून बसली होती, कडक, एका बाजूला उंचवटा. मांजरीनं डोळे उघडले आणि मान काढून घेतली. तिला दुखत नव्हतं बहुतेक, पण तिला माझा हात ओळखीचा नव्हता.

बोटांना कळलं होतं. माझी बोटं अडाणी नाहीत. त्याच दिवशी रिक्षा बोलवायला हवी होती. मी बोलावली नाही. रिक्षा बोलावली की खुर्चीतला माणूस विचारणार, आता काहून? आणि मला म्हणावं लागणार, तुमचं बरोबर होतं. या एका वाक्याला मी भ्याले आणि महिनाभर काढला. रोज वाटायचं, उद्या थोडी कमी होईल. मीच ज्या सासवांना अडाणी म्हणायची, त्या तरी घाबरून माझ्याकडे पळत यायच्या.

मार्चच्या शेवटी गाठ लिंबाएवढी झाली, वरचे केस विरळ झाले. तेव्हा नेलं. मालकही आले. दवाखान्याला चार पायऱ्या होत्या, त्या त्यांना चढवेनात, म्हणून ते रिक्षात बसून राहिले. डॉक्टरनं गाठ दाबली, हलवून पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. त्यानं सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सर होता, मांसातला. हजारो मांजरांत एखाद्या मांजरीला सुईच्या जागी असा होतो, तो म्हणाला. का होतो ते पक्कं कुणाला सांगता येत नाही, लस दिल्यावर तिथे सूज राहते त्याच्याशी काहीतरी संबंध असावा म्हणतात. म्हणून लस बंद करायची नसते, कारण पिसाळणं त्याहून कितीतरी वाईट. फक्त जागा निवडायची असते.

मी विचारलं, "पायाला दिली असती तर?"

तो रिपोर्टची घडी घालायला लागला. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "झाला तरी पाय काढून वाचवता येतं बऱ्याचदा. तीन पायांवर मांजर मजेत जगतं. मानेवर, पाठीच्या कण्याजवळ, तेवढं मांस काढता येत नाही." मग म्हणाला, "लवकर आणली असती तरी थोडा फरक पडला असता."

त्यानं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते.

बाहेर रिक्षात येऊन बसले. मालकांनी विचारलं, "काय म्हणला?"

"कॅन्सर हाय. सुईच्या जागी कधीमधी होतो म्हणे. लाखात एखाद्याला." मी हजारोंचे लाख केले. "ऑपरेशन करू म्हणला."

"तुझी काय चूक त्यात," ते म्हणाले. "तू चांगल्यासाठीच केलंस." आणि क्रेटवरच्या ओढणीतून बोट आत घालून तिची मान शोधायला लागले. मी रस्त्याकडे बघत बसले. तेव्हा सांगायचं होतं. घरापर्यंत रिक्षाला वीस मिनिटं लागली आणि वीस मिनिटांत मी सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. खांद्यांच्या मधोमध वीतभर टाके. मी ड्रेसिंग केलं, औषधं दिली, भाताची पेज भरवली. तिला माझा हात ओळखीचा झाला तो असा, उशिरा. बुद्ध पौर्णिमेला घरी खीर केली, तर तिनं मालकांच्या वाटीत तोंड घातलं आणि वाटी चाटून पुसून ठेवली. मालक इतके खूश झाले की त्यांनी शेजारणीला हाक मारून ते दाखवलं. त्या दिवशी मीही मनात म्हटलं, झालं, सुटलो. आता सांगायची काय गरज?

जुलैत टाक्यांच्या कडेला परत गाठ आली. या वेळी मालकांनी काही सांगितलं नाही. त्यांचा हात तिच्या मानेवरून पाठीकडे सरकलेला दिसला, त्यावरून मला कळलं. गाठ वेगानं वाढली. फुटली. वास यायला लागला. पंखा लावून, धूप लावून उपयोग नव्हता. तिला पुढचा पाय टेकता येईना. तरी ती मालकांच्या खुर्चीपर्यंत यायची आणि वर बघून उभी राहायची, आता उडी जमत नव्हती. ते वाकून तिला उचलायचे. तेवढं वाकायला त्यांना किती त्रास व्हायचा ते मला ठाऊक आहे.

ऑगस्टमध्ये एक दिवस तेच म्हणाले, "हाल नको तिचे." त्या दिवशी ते चारही पायऱ्या चढले. एका हातानं कठडा, दुसरा माझ्या खांद्यावर. टेबलावर तिचं डोकं त्यांनी धरलं आणि पाय मी धरला. "झालं आता माय, झालं," एवढंच म्हणत होते. डॉक्टरनं आधी झोपेची सुई दिली, मग दुसरी. मी हजारो लेकरांचे पाय असे धरलेत. सुई टोचली की लेकरू पाय झाडतं आणि रडतं, मग आम्ही हसतो. हिनं पाय झाडला नाही. मी तिथे, त्या दोघांसमोर, मोठ्यानं रडले. मालक रडले नाहीत. घरी परसात सीताफळाच्या झाडाखाली खड्डा खणून घेतला आणि तिला पुरलं.

त्यानंतर महिनाभर ओट्यावर कुणी आलं की विचारायचं, मांजर कुठंय? आणि मालक सांगायचे, "सुई देली, त्यानं गाठ झाली, मेली." मी आत ऐकायची. बोलायची नाही.

मग शेजारणीनं कुत्र्याचं पिल्लू आणलं. चुणचुणीत होतं, दाराशी बांधलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय चाटणारं. एका दुपारी चहाला आली तेव्हा मी सहज म्हटलं, त्याला लस द्यायची वेळ झाली असेल.

"न्हाई बाई सिस्टर," ती म्हणाली. "आमी न्हाई देणार सुई. तुमच्या मांजरीचं बघितलं की डोळ्यानं. त्यापरीस न दिलेली बरी."

मालक खुर्चीतून म्हणाले, "बराबर हाय. नका देऊ."

तिच्या घरी नातू आहे, दोन वर्षांचा. त्या पिल्लाच्या तोंडात हात घालून खेळतो. मला तो पाण्याला भिणारा माणूस आठवला आणि माझं तोंड सुटलं. मी सगळं सांगितलं. डॉक्टर पायाला देत होता, मी मानेला द्यायला लावली. तीन महिन्यांनी आण म्हणाला होता, मी नेली नाही. फेब्रुवारीत गाठ हाताला लागली, कळलं, तरी गप्प बसले. "गाठ सुईनं झाली आसंल," मी म्हटलं, "पण ती वाचली असती. माझ्या घमेंडीपायी गेली. तुझं पिल्लू घेऊन उद्या दवाखान्यात जा, अन् डॉक्टर जिथं देईल तिथं देऊ दे, अन् तो काय म्हणतो ते ऐक. माझं ऐकू नको."

शेजारीण चहा तसाच ठेवून गेली. पुढच्या आठवड्यात तिनं पिल्लाला लस दिली, ते मला नंतर कळलं.

मी कप उचलायला गेले तेव्हा मालकांनी विचारलं, "फेब्रुवारीत तुला कळलं व्हतं?"

"व्हय."

"मंग संक्रांतीला मला येडं म्हणलीस, ते नंतर तरी माघारी घ्यायचं. मी इतके दिस इचार करायलो व्हतो, माझ्याच हाताला खोटं लागायलं का."

ते ओरडले असते तर मला सोसलं असतं. ते ओरडणारे नाहीत. जिंतूरच्या गाडीत विनातिकीट माणसालाही ते हळू आवाजात उतरवायचे.

संध्याकाळी मी त्यांची बीपीची गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर गेले. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. गोळी, पातळ औषध, इंजेक्शन, मी जे दिलं ते त्यांनी न बघता घेतलं. रंगही विचारला नाही कधी. मी तळहातावर गोळी ठेवली, त्यांनी घेतली आणि तोंडात टाकली नाही.

"ही कशाची हाय?"

"बीपीची. रोजचीच."

"पाकीट आण बरं."

मी आत जाऊन पाकीट आणलं. नाव वाचून दाखवायला लागले, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि उजेडाकडे धरून स्वतः वाचलं. सावकाश, एकेक अक्षर. मग गोळी घेतली आणि पाकीट खिशात ठेवलं.